दुर्बीणवाली बंदूक नको, दहा मीटरची जागा द्या

मागच्या मंगळवारी रात्री साडेदहाला फोन वाजला. या वेळी फोन वाजला की माझ्या डोक्यात एकच येतं, कुठलं तरी गोदाम पेटलं. (भिवंडीकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.) पण फोन अण्णांचा होता. अण्णा म्हणजे पद्मानगरातले माझे जुने ओळखीचे, पॉवरलूमवर जॉबर. लूम बंद पडला की पाना घेऊन त्याच्या पोटात शिरणारा माणूस. नाव देत नाही, कारण पुढची गोष्ट त्यांच्या मुलीची आहे.

"भाऊ, बंदूक कोणती घ्यावी?"

मी उठून बसलो. म्हटलं, अण्णा, काय झालं? कोणाशी भांडण? मालकाशी?

तसं काही नव्हतं. पोरगी सातवीत आहे. स्वप्निल कुसाळेचा व्हिडिओ बघून बघून तिनं घरात धोशा लावलाय की मला नेमबाजी शिकायची. अण्णांनी मोबाइलवर एकदा 'लहान मुलांची बंदूक' असं शोधलं आणि तेव्हापासून त्यांच्या मोबाइलला दुसरं काही दिसेनासं झालं. एका बंदुकीवर त्यांचं बोट अडकलं होतं. छोटी, हलकी, वर दुर्बीण बसवलेली. खाली इंग्रजीत लिहिलेलं की शिकारीला उत्तम, नवशिक्यांना आणि लहान चणीच्या लोकांना खास. किंमत तेरा हजार आणि दुर्बीण फुकट. कॅश ऑन डिलिव्हरी. बटण दाबायचं तेवढं बाकी.

म्हटलं, दाबू नका. उद्या येतो.

ही पोस्ट त्यासाठीच आहे. मागच्या दोन वर्षांत असा प्रश्न मला पाच-सहा जणांनी विचारलाय. कोणाला मुलासाठी हवी, कोणाला गावाकडच्या शेतात माकडं येतात म्हणून, कोणाला नुसतीच हौस. ऑगस्ट २०२४ मध्ये कुसाळेनं पॅरिसला पदक घेतल्यापासून हौस जास्तच वाढली. ती चांगली गोष्ट आहे. तिचं पुढे काय होतं, ते बघा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. अण्णांच्या शेजारी एका पोराकडे अशीच एक बंदूक निघाली, जवळजवळ तेच मॉडेल. छर्रे बाजूला काढून ठेवले, नळी मोडून आत काही नाही ना बघितलं, आणि मग पोरीच्या हातात दिली. पोरगी चार फूट सात इंच, वजन चौतीस किलो. आधी सांगितलं, ही नळी मोडून दाखव. या स्वस्तातल्या बंदुका स्प्रिंगच्या असतात. नळी खाली वाकवली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि चाप ओढला की ती सुटून हवा ढकलते. पोरीनं एका हातानं ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं, शेवटी दस्ता मांडीला लावून लोंबकळली. अर्ध्यावर नळी निसटली आणि फाडकन परत वर आली. बोट मध्ये असतं तर मी आज ही पोस्ट वेगळ्या मथळ्यानं लिहिली असती.

इथं एक गोष्ट आहे जी जाहिरातवाले सांगत नाहीत. या नळी मोडायच्या बंदुकीत नळी म्हणजे पहार. पहार आखूड केली की जोर जास्त लागतो, कमी नाही. म्हणजे 'कॉम्पॅक्ट' म्हणून जी आखूड नळीची बंदूक लहान मुलाच्या नावानं विकली जाते, ती वाकवायला लांब नळीपेक्षा अवघड. अण्णांना हे एका वाक्यात कळलं, आयुष्यभर पाने चालवलेत. म्हणाले, "म्हणजे छोटा पाना देऊन मोठा नट खोलायला लावतात."

अगदी तेच.

मग मापं घेतली. लूमच्या कापडाला लावतो तीच टेप. कोपर काटकोनात वाकवायचं, कोपराच्या आतल्या खाचेत दस्त्याचं टोक टेकवायचं आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचतं का बघायचं. बंदूक अंगाला बसते की नाही, याची ही घरच्या घरी करायची परीक्षा. पोरीचं माप आलं २९ सेंटिमीटर. बंदुकीचं, म्हणजे दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचं, ३६. सात सेंटिमीटरचा फरक. शाळेच्या गणवेशात आपण दोन सेंटिमीटरसाठी शिंप्याशी भांडतो.

आणि त्या फरकाचं काय होतं, ते समोरच दिसलं. दस्ता खांद्याच्या खळीत बसेना, घसरून दंडावर आला. बंदूक सव्वातीन किलोची, वर दुर्बिणीचं अर्धा किलो, सगळं वजन पुढे आणि वर. तोल सांभाळायला पोरगी कमरेतून मागं वाकली. दुर्बिणीतून नीट दिसायचं तर डोळा काचेपासून ठरावीक अंतरावर लागतो, साधारण आठ-नऊ सेंटिमीटर. हिची मान तिथवर पोचायला ताणावी लागत होती, तरी आतून काळी चंद्रकोर दिसायची. "काका, अर्धंच दिसतंय." उरलेलं दिसावं म्हणून आणखी पुढे सरकली तर चाप ओढल्यावर दुर्बिणीची कडा भुवईवर. छर्रे नव्हते म्हणून आम्ही चाप ओढू दिला नाही, बरं केलं. स्प्रिंगची बंदूक रिकामी उडवली तर बंदुकीचीही वाट लागते.

स्प्रिंगच्या बंदुकीची आणखी एक खोड असते. ती आधी मागे धक्का देते आणि लगेच पुढे. या दुहेरी धक्क्यानं फुकट मिळालेल्या दुर्बिणीची आतली जुळणी सैल होते. आज नेम बरोबर, आठवड्यानं दोन बोटं डावीकडे. मूल समजतं की आपल्यालाच जमत नाही. असं मूल महिनाभरात बंदूक माळ्यावर टाकतं. किंवा माळ्यावर न टाकता गॅलरीत उभं राहून कबुतरांवर धरतं. दुसरं जास्त वाईट.

आता मुख्य मुद्दा. कुसाळेला बघून ज्या खेळात जायचं, त्या खेळात दुर्बीण चालतच नाही! १० मीटर एअर रायफल असो की कुसाळेची ५० मीटर थ्री पोझिशन, दोन्हीकडे डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती आणि नळीच्या टोकाला एक कडं, बस्स. त्या कड्यात समोरचं काळं वर्तुळ बरोबर मधोमध बसवायचं. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. बॉलपेन कागदावर नुसतं टेकवलं की उमटतो तेवढा. तो दहा मीटरवरून, उभं राहून, साध्या डोळ्यानं. हे नजरेच्या ताकदीनं होत नाही. हाडांच्या तोलानं, श्वासानं आणि चाप न हिसकता दाबण्यानं होतं. दुर्बीण लावून शिकलेल्या मुलाला दुर्बिणीत आपलीच थरथर दहापट मोठी दिसते, ते घाबरतं आणि जमेल त्या क्षणी चाप हिसकतं. ही सवय एकदा लागली की प्रशिक्षकाला ती काढायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात नवीन मूल तयार होतं. हे माझं मत नाही, प्रशिक्षकांकडून ऐकलेलं आहे.

अण्णा म्हणाले, "मग हे शिकारीवाले कोणासाठी विकतात?"

रास्त प्रश्न. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे, तिथं लहान चणीच्या किंवा नवख्या माणसासाठी आखूड दस्त्याची, हलकी, कमी धक्क्याची रायफल हा खरा आणि गंभीर विषय आहे. अमेरिकेत बाप पोराला आधी .२२ देतो, मग अंगात भरल्यावर .२४३ वगैरे. तिथला जाणकार माणूसही सांगतो की आधी दस्ता मापाचा बघा, मग वजन, मग धक्का, आणि दुर्बीण सगळ्यात शेवटी. जिम कॉर्बेटलाही चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जी रिग्बीची .२७५ भेट मिळाली, ती त्या काळच्या अवजड बंदुकांच्या मानानं सुटसुटीत रायफल होती. विषयात तथ्य आहे. फक्त तो विषय आपला नाही. आपल्याकडे १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि हौसेखातर शिकार हा प्रकारच संपलेला आहे. परदेशातली जाहिरात जशीच्या तशी उचलून इथं चिकटवली जाते, आणि ती वाचणाऱ्या बापाला वाटतं की विकतात म्हणजे चालत असेल.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण यात बराच गोंधळ आहे. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ ची आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअरगन असेल तर शस्त्रपरवाना लागत नाही. त्याच्या पुढची असेल तर लागतो. खऱ्या काडतुसाच्या बंदुकीचा परवाना २१ वर्षांखाली मिळत नाही, खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. इथवर ठीक. पण 'परवाना लागत नाही' याचा अर्थ लोक 'काहीही मारलं तरी चालतं' असा लावतात. वन्यजीव कायद्यात शस्त्राची व्याख्या इतकी रुंद आहे की प्राण्याला मारू किंवा जखमी करू शकणारं कुठलंही साधन तिच्यात येतं. गलोलसुद्धा. पोपट, बुलबुल, होला, यातलं काहीही पाडलं तर गुन्हा. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तेच तुम्ही तानसा अभयारण्यात केलंत किंवा प्राणी पहिल्या अनुसूचीतला निघाला, तर कमीत कमी तीन वर्षं आणि वर सातपर्यंत. रविवारी वाड्याच्या बाजूला गाडी घेऊन 'जरा फिरून' येणाऱ्या आपल्या पोरांनी हे आकडे एकदा मोठ्यानं वाचावेत.

मी हे साळसूदपणे लिहितोय असं समजू नका. मीही केलंय.

साल १९९१-९२ असेल. मामाकडे नॅशनल ३५ होती. इंडियन ह्यूम पाइप कंपनीची ती एअरगन, जुन्या लोकांना आठवेल, लाकडी दस्ता आणि कमालीची मजबूत. सुट्टीत आम्ही चार-पाच मावस-मामे भावंडं. दुपारी मोठे झोपले की बंदूक खाली निघायची. आधी डालड्याचा डबा, मग चिंचा, मग अर्थातच पाखरं. मी एक बुलबुल पाडला. पाडल्यावर हातात घेतला तेव्हा तो गरम होता आणि त्याचा एक डोळा उघडा होता. एवढंच. त्याच सुट्टीत एका भावानं पत्र्याच्या पाटीवर नेम धरला, छर्रा पाटीवर आपटून परत आला आणि मामेबहिणीच्या गालात घुसला. डोळ्याच्या खाली बोटभर. डॉक्टरांनी काढला. आजही तिच्या गालावर तीळ असल्यासारखी खूण आहे, आणि लग्नात, बारशात ती भेटली की माझी नजर आधी तिथं जाते. बंदूक माझ्या हातात नव्हती. पण बंदूक खाली काढायची कल्पना माझी होती.

तेव्हा गाव मोकळं होतं तरी हे झालं. आता भिवंडीचं चित्र डोळ्यासमोर आणा. गॅलरीला गॅलरी लागलेली, मधे हात घातला तर शेजारच्याच्या दोरीवरचा शर्ट हाताला लागतो. गच्चीवर कोणाचं वाळवण, कोणाची कबुतरं, कोणाची पोरं पतंग उडवतायत. यात तेरा हजारांची बंदूक, सोबत छर्र्यांचा डबा आणि बारा वर्षांचं मूल. छर्रा कठीण वस्तूवर आपटला की कुठं जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. डोळा जायला पाच-सात ज्यूल पुरेसे आहेत. आणि छर्रे शिशाचे असतात हे किती आईबापांना माहीत आहे? पोरं ते तोंडात धरतात, हाताला काळं लागतं तसाच वडापाव खातात. शिसं पोटात जायला नको, हात साबणानं धुवायचे, हा नियम रेंजवर पहिल्या दिवशी सांगतात. गच्चीवर कोण सांगणार?

शेतात डुकरं येतात म्हणून बंदूक मागणाऱ्यांना मी हसत नाही. शहापूर, मुरबाड, वाडा, आमच्या बाजूच्या भातशेतीचं एका रात्रीत काय होतं ते मी बातमीसाठी बघितलंय. पण एअरगननं रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी बाईच्या अंगावर जातं. त्यासाठी वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज आहे, रानडुकरांबाबत परवानगीची वेगळी पद्धत आहे. ती संथ आहे हे मान्य. पण २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काय झालं ते आठवा. गावातली माणसं रात्री रानडुकराच्या शिकारीला गेली आणि हालचाल दिसली म्हणून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली गेली. वर ते लपवायचा प्रयत्न झाला. एकाच गावातली घरं, एकमेकांच्या सुखदुःखातली. दुर्बीण असो नसो, अंधारात झुडपामागं हाललेलं डुक्कर आहे की भाऊ आहे हे बंदूक सांगत नाही.

याच्या उलटही एक गोष्ट आपल्या देशात घडलीय. अरुणाचलमध्ये घरोघर एअरगन, पाखरं मारायची परंपराच. तिथं मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून एअरगन परत करायची मोहीम सुरू झाली. लोकांनी आपणहून आणून दिल्या, आकडा दोन हजारांच्या वर गेला. कोणी जप्त केल्या नाहीत. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की लोकांनी वस्तू टाकली कारण तिच्याऐवजी काय करायचं ते त्यांना समोर दिसलं.

आपल्या पोरांना काय दिसतंय?

अण्णांना मी सांगितलं ते असं. बंदूक विकत घेऊ नका. निदान तीन महिने तरी नाही. आधी रेंजवर न्या, तिथं क्लबची बंदूक वापरू द्या. शिकवायच्या बंदुका आता बहुतेक ठिकाणी सिलिंडरच्या असतात. हवा आधीच भरलेली, त्यामुळे नळी मोडायची भानगड नाही आणि धक्का जवळपास नाही. दस्ता पुढेमागे, गाल टेकायची पट्टी खालीवर होते, त्यामुळे चार फूट सात इंचाच्या मुलीला ती मापात बसवून देता येते. ज्युनियर मॉडेल वजनाला हलकी असतात. लहान मुलांना सुरुवातीला टेबलावर टेकण देऊनच शिकवतात, पहिल्या दिवसापासून उभं करत नाहीत. आणि कुठला डोळा जोरावर आहे ते आधी बघा. दोन्ही तळहात पुढे करून मधे छोटी खिडकी करायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं घड्याळ जागेवर राहतं तो जोराचा. अण्णांची पोरगी उजव्या हाताची, पण डोळा डावा निघाला! ऑनलाइन बंदुकीचा दस्ता उजव्या गालासाठी कोरलेला होता. तेरा हजार तिथंच बुडाले असते.

तिसऱ्या महिन्यानंतरही तिला आवड राहिली तर मग बघू. आपल्याकडे आता देशी बनावटीच्या चांगल्या एअर रायफली मिळतात, प्रीसिहोलसारख्या. राज्यातल्या स्पर्धांत साध्या ओपन साइटच्या बंदुकीचे गटही असतात, म्हणजे पहिल्याच दिवशी जर्मन रायफल पाहिजे असं नाही. सेकंडहँड मिळते. दोन क्लबमेट मिळून एक घेतात.

रविवारी आम्ही तिघं गेलो एका रेंजवर. शेजारच्या शहरात, नाव देत नाही, जाहिरात होते. जाताना अंजूरफाट्यापासून दीड तास ट्रॅफिकमध्ये, येताना पावणेदोन तास. तिथं तासाला भाडं, छर्रे वेगळे, नंतर जाकीट लागेल ते वेगळं. अण्णा भिंतीवरचं दरपत्रक बराच वेळ वाचत उभे होते. जॉबरच्या पगारात महिन्याचे चार रविवार म्हणजे काय, तो हिशेब मला त्यांच्या पाठीवरून कळत होता. बाहेरून आणलेली स्पर्धेची रायफल लाखांत जाते. कुसाळेच्या घरीही पैसा नव्हता. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, वडील शिक्षक. पण त्याला लहान वयात राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत जागा मिळाली, नेमबाजी तिथं लागली, पुढे रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली. १९५२ ला खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीत पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला ७२ वर्षं लागली. आणि ते आलं ते ज्या पोराला वेळेवर जागा मिळाली त्याच्याकडून.

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. त्याच्या आधी हा किताब भारतात फक्त अभिनव बिंद्राकडे होता. ठाणे. आपल्यापासून किती लांब? ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेल्या सुमा शिरूर पनवेलला मुलं घडवतात. अंजली भागवत एनसीसीमधून आल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेत्या. आपल्या राज्याला हा खेळ येतो. आपल्या जिल्ह्यालाही येतो. कल्याण नाक्याच्या अलीकडे तो का येत नाही?

आणि या खेळाला लागतं काय? मैदान नको, हिरवळ नको, तलाव नको. दहा मीटरचं अंतर लागतं. मागे उभं राहायला, सामान ठेवायला चार-पाच मीटर. एका मुलामागे एक मीटर रुंदी. म्हणजे पाच मुलांच्या लेनला पाच बाय पंधरा मीटरची बंद खोली, सपाट जमीन, टार्गेटवर चांगला उजेड, मागं छर्रे अडवायला लोखंडी पेट्या आणि एकच दार, ज्याला कुलूप लागतं. मित्रांनो, भिवंडीत आज पाच बाय पंधराच्या बंद खोल्यांची कमतरता आहे का? किती कारखान्यांचे लूम भंगारात गेले, शेड रिकाम्या पडल्या किंवा गोदामं झाली. पालिकेच्या शाळांत किती हॉल आहेत, ज्यांत मोडकी बाकं भरून ठेवलीत. आपल्या पालिकेच्या एकाही शाळेत १० मीटरची रेंज मी पाहिलेली नाही. क्रिकेटच्या चषकांना मात्र दर हिवाळ्यात बॅनरवर दहा-दहा चेहरे असतात.

कोणी म्हणेल, या गावात मुलांच्या हातात बंदूक द्यायची म्हणजे डोकं फिरलंय. मला हे तोंडावर ऐकवलंय एका नगरसेवक मित्रानं. 'या गावात' म्हणजे काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि त्यालाही कळलं की मला कळलं. त्याला मी एवढंच म्हटलं, बंदुका आधीच आल्यात, कुरिअरनं येतात, दुर्बीण फुकट मिळते आणि त्या गच्चीवर आहेत. त्या कुलुपाच्या खोलीत, नोंदवहीत आणि एका प्रशिक्षकाच्या डोळ्यासमोर असाव्यात एवढंच मागणं आहे. रेंजवर पहिला महिना बंदूक कशी धरायची यापेक्षा कशी ठेवायची हेच शिकवतात. नळी कायम टार्गेटकडे, बोट चापाबाहेर, 'स्टॉप' म्हटलं की सगळ्यांनी खाली. जत्रेतल्या फुग्यांच्या बंदुकीवर मोठी झालेली आपली पिढी, आपल्याला हे कोणी शिकवलं नाही.

रेंजवर अण्णांच्या पोरीनं टेबलावर टेकून वीस छर्रे मारले. पहिले सहा कागदावर नव्हतेच. प्रशिक्षक बाई काही बोलल्या नाहीत, फक्त गालाची पट्टी दोन खाचा खाली केली आणि तिला डाव्या बाजूला घेतलं. सातवा कागदावर आला. शेवटचे पाच काळ्या वर्तुळात. टार्गेटचा कागद तिनं दप्तरात सरळ ठेवला, दुमडला नाही. अण्णा मात्र तिच्याकडे बघत नव्हते. ते टार्गेट मागेपुढे करणारी दोरी आणि कप्पी बघत होते. हातानं चाक फिरवलं की कागद दहा मीटर जातो, उलटं फिरवलं की परत येतो. बाहेर आल्यावर म्हणाले, "भाऊ, हे मी लूमच्या जुन्या सामानातून बनवून देतो. पाचही. मजुरी नको. जागा मिळेल का विचार."

म्हणून विचारतोय. एका शाळेचा एक हॉल, संध्याकाळी पाच ते आठ, पहिल्या वर्षी पाच लेन, तीन-चार क्लबच्या बंदुका, आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षक आठवड्यातून दोन दिवस. अर्ज लिहून झालाय. त्यावर आतापर्यंत एकवीस पालकांच्या आणि दोन पीटी शिक्षकांच्या सह्या आहेत. सोमवारी सकाळी अकराला आम्ही तो पालिकेच्या मुख्यालयात आयुक्तांच्या नावानं आवक विभागात देतोय आणि पोचपावती घेतोय. ज्यांना सही करायची त्यांनी त्याआधी या, येताना मुलांना आणलंत तरी चालेल. आणि ज्यांच्या मोबाइलच्या कार्टमध्ये ती दुर्बीणवाली पडून आहे, त्यांनी तेवढं सोमवारपर्यंत तरी थांबा. अण्णांनी त्यांची काढून टाकलीय.